आकाशगंगेतला बाजार

लढून आलेल्या माणसाचा शीण त्या जगात औषधानं जात नसे. डॉक्टर जखमा भरायचा, पुढच्या लढाईसाठी अंगात जास्तीची ताकद घालायचा. पण लढत राहिल्यानं जी मरगळ साचत जायची, तिच्यावर त्याच्याकडे इलाज नव्हता. त्यासाठी कँटिनामध्ये, म्हणजे तिथल्या मद्यशाळेत, जावं लागे. तिथं कुणी नाचत असे, कुणी वाजवत असे. बंदूक बाजूला ठेवून त्यांच्यासमोर बसायचं, बघायचं, ऐकायचं. हळूहळू शीण उतरायचा, आणि तेवढ्या वेळात शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाशी बोलणं व्हायचं. नाचणारीही खरी असे. कुठल्या तरी देशात, कुठल्या तरी खोलीत संगणकापुढं बसलेलं ते जिवंत माणूस होतं, आणि नाचणं हाच त्या जगातला तिचा पेशा होता.

'स्टार वॉर्स गॅलक्सीज' हा खेळ २६ जून २००३ रोजी सुरू झाला आणि १५ डिसेंबर २०११ रोजी बंद झाला. सोनी ऑनलाइन एंटरटेनमेंटच्या ऑस्टिनमधल्या चमूनं लुकासआर्ट्ससाठी तो बनवला होता. १९७७ साली आलेला पहिला चित्रपट आणि १९८० सालचा दुसरा, यांच्या कथानकांमधल्या काळात तो घडतो. सुरुवातीला दहा ग्रह होते. हजारो माणसं एकाच वेळी त्यांवर वावरत. अशा खेळांची परंपरा जुनी आहे: १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोघांनी नुसत्या अक्षरांवर चालणारं एक सामायिक जग उभं केलं होतं. चित्र नाही, आवाज नाही. 'तू एका अरुंद वाटेवर उभा आहेस' अशा धर्तीची वाक्यं, आणि त्याच वाटेवर उभी असलेली दुसरी माणसं. गॅलक्सीजमध्ये चित्र होतं, संगीत होतं, दोन सूर्य एकापाठोपाठ मावळताना दिसत. मूळ गोष्ट मात्र तीच होती. कथा आधी लिहून ठेवलेली नव्हती. ती तिथल्या माणसांनी मिळून करायची होती.

आपल्याकडे जयंत नारळीकरांनी रुजवलेली विज्ञानकथा वाचून मोठी झालेली मी. त्या कथेत आधी विज्ञान, मग माणूस, मग घटना. अवकाशातल्या राजकन्या, तस्कर, साम्राज्यं आणि प्रकाशाच्या तलवारी यांचं हे दुसरं कूळ मला लग्नानंतर भेटलं. नवऱ्याला चित्रपट आवडत होते म्हणून त्यानं खेळाचा डबा विकत आणला, आणि कामाच्या रगाड्यात त्याला तो उघडायला सवड मिळाली नाही. आम्ही डलासजवळ राहत होतो. माझ्या पासपोर्टवर एच-फोर व्हिसाचा शिक्का होता. नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या बायकांचा हा व्हिसा. त्यावर राहता येतं, शिकता येतं, पण तेव्हा कमावता येत नव्हतं. त्यातल्या काही जणींना कामाची परवानगी मिळू लागली ती २०१५ साली. लातूरला दयानंद महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकले, पुढं एम.एस्सी. केलं, आणि टेक्ससमध्ये सकाळी नऊ वाजता नवऱ्याची गाडी कोपऱ्यावरून वळली की संध्याकाळपर्यंत माझ्या कुठल्याही कामाची कुणालाही गरज नव्हती. आई फोनवर विचारायची, "काय करलालीस गं दिवसभर?" मी म्हणायचे, वाचत होते.

मी हत्यारं बनवत होते.

वेपनस्मिथ हा माझा पेशा. तीसहून जास्त पेशे होते तिथं: शिंपी, घरं बांधणारा, प्राणी पाळणारा, आचारी, न्हावी, डॉक्टर, वादक, यंत्रमानव बनवणारा, नगराचा कारभार पाहणारा. लढणारे होतेच, पण लढणं हा अनेक पेशांपैकी एक होता. कुणालाही सगळं येत नसे. प्रत्येकाच्या कौशल्याला मर्यादा होती. एक नीट शिकायचं म्हणजे बाकीचं सोडायचं. सैनिकाला बंदूक माझ्याकडून घ्यावी लागे. बंदूक वापरून झिजे आणि एक दिवस निकामी होई, मग तो परत येई. मला धातू लागे, तो खाणकाम करणाऱ्याकडून. अंगरखा शिंप्याकडून, अन्न आचाऱ्याकडून. सरकारी बाजारात ठरावीक किमतीपर्यंतचाच माल मांडता यायचा. चांगली, महाग वस्तू हवी तर बनवणाऱ्याच्या दुकानापर्यंत जावं लागे. वाळवंटातून वाहन हाकत लोक येत, दुकानात शिरत, आणि पाटीवर लिहिलेलं नाव वाचून हा उच्चार कसा करायचा, असं विचारत. दुकानाचं नाव मी 'गोलाई' ठेवलं होतं.

लातूरकराला हे नाव समजावून सांगावं लागत नाही. गंजगोलाई ही आमच्या शहराची नाभी आहे. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकारानं ती आखली, १९१७ साली ती दुमजली वर्तुळाकार इमारत उभी राहिली, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि तिथून फुटणारे सोळा रस्ते. एका रस्त्यावर सोनं, एकावर चपला, कुठं गूळ, कुठं मिरची. लहानपणी आईचा हात धरून त्या वर्तुळात फिरताना मला वाटायचं की जगात जे जे लागतं त्या प्रत्येकाला एक रस्ता आहे. गॅलक्सीजमध्ये पहिल्यांदा एका मोठ्या नगरात शिरले तेव्हा हेच ओळखीचं वाटलं.

धातूंची गोष्ट थोडी सांगायला हवी, कारण माझा जीव तिथं गुंतला होता. त्या ग्रहांवर सापडणारं प्रत्येक खनिज वेगळं असायचं. नुसतं तांबं असं काही नसायचं. अमुक एक नावाचं तांबं, त्याची विद्युतवाहकता, वर्धनीयता, चिवटपणा, एकूण प्रत, प्रत्येकाला हजारपैकी एक आकडा. आठवडा-दीड आठवड्यात ते खनिज जमिनीतून नाहीसं व्हायचं आणि त्या नावाचं, त्याच गुणांचं पुन्हा कधीच यायचं नाही. मग दुसरं काही उगवायचं, दुसऱ्या ग्रहावर, दुसऱ्या आकड्यांचं. चांगलं तांबं निघालंय, अशी बातमी आली की खाणवाले रात्रीतून आपली यंत्रं तिकडं हलवत. मी एका वहीत सगळी नोंद ठेवत होते. डाव्या पानावर नावं आणि आकडे, उजव्या पानावर त्यातून काय बनवलं, ते कसं निघालं. प्रयोगशाळेत कधी मिळाला नव्हता तो आनंद मला त्या वहीनं दिला. माझ्या बंदुकीची कीर्ती दोन-तीन ग्रहांवर पसरली होती आणि तिच्यामागं कुठलंही नशीब नव्हतं. चांगला धातू होता, तो साठवून ठेवण्याचा धीर होता.

नाचणारीकडे परत येते. आमच्या घरातून दरवर्षी नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेला जायचे. मार्गशीर्षात खंडोबाची ती मोठी यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवं, वाघ्या-मुरळी, आणि तमाशाच्या फडांचे तंबू. आम्ही मुलींनी त्या तंबूंच्या बाजूला नजरही टाकायची नाही, असा दंडक होता. पुरुष जात, बघून येत, आणि जिच्या गाण्यावर रात्र काढली तिच्याबद्दल सकाळी ज्या शब्दांत बोलत ते शब्द मला ऐकू यायचे. शीण घालवणाऱ्या माणसाला इतकं खाली का ठेवायचं, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आताही मान्य नाही. त्या खेळात नाचणारीला मान होता. लढवय्ये तिला नावानं ओळखत, बसण्याआधी लवून नमस्कार करत, उठताना बिदागी ठेवत. नाचणारी नसेल तर मोहीम निघत नसे. तिथं आडनाव कुणालाच नव्हतं, म्हणजे आपल्याला माहीत आहे त्या अर्थानं नव्हतं. मराठवाड्यात नाव सांगितलं की समोरचा क्षणभर थांबतो, आडनावाची वाट बघतो, आणि ते कळलं की त्याच्या डोळ्यांत काहीतरी ठरून जातं. आपल्या गावगाड्यातही सुतार, चांभार, न्हावी, कुंभार यांना एकमेकांवाचून चालत नव्हतंच. पण ते एकमेकांची गरज असणं जन्मानं बांधलेलं होतं आणि त्याला वर-खाली होतं. इथं गरज तेवढीच होती, आणि पेशा ज्याचा त्यानं निवडलेला होता. इतकी साधी गोष्ट, आणि ती मला एका बनावट आकाशगंगेत पहिल्यांदा अनुभवायला मिळाली.

मी ज्या सर्व्हरवर होते त्याचं नाव स्टारसायडर. तिथं बहुतेकांचा एक अलिखित करार होता: पात्रातून बाहेर यायचं नाही. कालच्या क्रिकेटबद्दल, नोकरीबद्दल बोलायचं नाही. तू तस्कर असशील तर तस्करासारखं बोल. २००३च्या शेवटी शेवटी खेळाडूंना स्वतःची नगरं वसवायची मुभा मिळाली. नागरिक जमवायचे, निवडणूक घ्यायची, नगराध्यक्ष निवडायचा, कर ठरवायचा. आमच्या नगरात एकदा खटला चालला. एका तस्करानं साम्राज्याच्या सैनिकांना आमच्यातल्या बंडखोरांची नावं विकली, असा आरोप होता. हे कुणी ठरवून आणलेलं नव्हतं. दोन माणसांचं कँटिनामध्ये भांडण झालं, तिसऱ्यानं त्यात तेल ओतलं, आणि चार दिवसांनी सभागृहात पन्नासएक जण जमले. शिंपिणीनं न्यायाधीशाचा झगा शिवला. डॉक्टर साक्षीदार झाला, कारण आरोपीच्या जखमा त्यानं बांधल्या होत्या. मला बोलावलं, कारण आरोपीची बंदूक माझ्याकडची होती आणि ती कधी विकली ते माझ्या वहीत लिहिलेलं होतं. मी लातूरची पोर, इंग्रजीत बोलताना घशाशी अडखळणारी. त्या रात्री मी उभी राहून वीस मिनिटं साक्ष दिली. टंकून दिली, हे खरं. पण उलटतपासणीला उत्तरं तिथल्या तिथं द्यावी लागली, आणि प्रत्येक उत्तरानं कथा थोडी सरकत होती. मी काय म्हणते त्यावर एका माणसाचं पुढचं आयुष्य ठरणार होतं. तो सुटला. पुढं त्यानंच नगरासाठी पाणी आणायची योजना काढली. दुष्काळी भागातून आल्यामुळं मला त्या योजनेत जरा जास्तच रस होता.

हे सगळं कधी विझलं, याची सर्वांना पाठ असलेली तारीख १५ नोव्हेंबर २००५ ही आहे. पण त्याच्या दोन वर्षं आधीच काहीतरी बिघडायला लागलं होतं, असं माझं मत आहे.

ज्या काळात हा खेळ घडतो त्या काळात जेडाय, म्हणजे प्रकाशाची तलवार चालवणारे योद्धे, जवळजवळ संपलेले आहेत. मग खेळाडूला जेडाय होता येईल का? होता येईल, पण वाट गुप्त आहे, एवढंच सांगितलेलं होतं. २००३च्या नोव्हेंबरात पहिला जेडाय उगवला आणि वाट उघडी पडली: काही ठरावीक पेशे एकामागून एक पूर्ण आत्मसात करायचे. कोणते, ते प्रत्येकासाठी वेगळं, आणि होलोक्रॉन नावाची वस्तू त्यातले काही सांगायची. झालं. माणसं आपला पेशा टाकून दुसऱ्याच्या मागं लागली. ज्याला संगीताचं काही नव्हतं तो वादक झाला, यंत्राला आज्ञा लिहून ठेवून झोपायला गेला, आणि त्याचं पात्र रात्रभर कँटिनामध्ये डोळे मिटल्यासारखं वाजवत राहिलं. पेशा पुरा झाला की तो पुसून टाकायचा आणि पुढचा धरायचा. कँटिना गच्च भरलेलं असे, आणि बोलायला कुणी नसे. खेळाचा सर्जक-दिग्दर्शक राफ कॉस्टर यानंही पुढं २०१५ साली जेडायच्या या घोळाबद्दल सविस्तर लिहिलं आहे.

मला हे दृश्य फार ओळखीचं होतं. परीक्षांच्या तयारीच्या ज्या 'लातूर पॅटर्न'मुळं माझ्या शहराचं नाव महाराष्ट्रात झालं, त्याच्या सावलीत मी वाढले. शाहू आणि दयानंद महाविद्यालयांनी ती शिस्त घालून दिली, आणि कोरडवाहू शेती असलेल्या बापाच्या लेकरांना त्यातून खरोखर वर येता आलं. त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण माझ्या वर्गात एक मुलगा तबला असा वाजवायचा की शेजारच्या गल्लीतले लोक येऊन उभे राहत. एक मुलगी कुठलंही बिघडलेलं घड्याळ उघडून नीट करायची. अकरावीत तबला माळ्यावर गेला आणि घड्याळं दुकानात गेली, कारण सगळ्यांना एकच व्हायचं होतं. ते झाले तरी चांगलं, न झाले तरी माळ्यावरचा तबला पुन्हा खाली येत नाही. सगळ्या गावानं एकाच उंचीकडं पाहायला सुरुवात केली की बाकीचे पंधरा रस्ते ओस पडतात.

पुढचं सगळं सार्वजनिक इतिहासात आहे. नोव्हेंबर २००४मध्ये 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' आला आणि अशा खेळांना किती लाख, पुढं किती कोटी माणसं मिळू शकतात याचं मापच बदललं. त्याच्यापुढं गॅलक्सीज संथ, अवघड, नवख्याला न कळणारा वाटू लागला. २००५च्या वसंतात लढाईची पद्धत बदलली. नोव्हेंबरात एक नवा विस्तार विकायला आला आणि पाठोपाठ, दोनच आठवड्यांनी, खेळाचा पायाच नवा घातला गेला. तीसहून जास्त पेशांचे नऊ झाले. शिंपी, शस्त्रकार, घरबांधे, आचारी यांना मिळून 'व्यापारी' हे एकच नाव आलं. प्राणी पाळण्याचा पेशा गेला. ज्यांनी पिल्लापासून वाढवलेली जनावरं होती त्यांना ती हाताशी धरून लढता येईनात. आणि जेडाय हा पहिल्याच दिवशी निवडता येणारा पर्याय झाला. विस्तार विकत घेतलेल्यांना पैसे परत देऊ केले गेले. डिसेंबरात 'न्यूयॉर्क टाइम्स'नं खेळाडूंच्या संतापाची बातमी केली.

त्यामागचा हिशेब मी समजू शकते. चित्रपट पाहून आलेल्या पोराला न्हावी व्हायचं नसतं, त्याला तलवार हवी असते. त्याला ती लगेच द्या. पण सगळ्यांच्याच हातात तलवार आल्यावर ती बघायला कोण उरणार? ज्याला एकट्याला सगळं जमतं त्याला दुसऱ्याच्या दुकानात जायचं कारण नसतं. आणि आमच्या कथा कारणांवर चालत होत्या. शिंपीण गेली म्हणून न्यायाधीशाला झगा नाही. डॉक्टर गेला म्हणून साक्षीदार नाही. एकेका माणसाबरोबर कथेचा एकेक सांधा निखळत गेला.

नगरं मात्र उभीच होती. घरांची देखभाल लोकांनी आगाऊ भरून ठेवलेली होती, त्यामुळं मालक निघून गेल्यावरही महिनोन् महिने दिवे लागलेले असत. आमच्या नगरात मी शेवटी शेवटी फिरले तेव्हा सभागृह होतं, दवाखाना होता, पाट्या होत्या, आणि नागरिकांच्या यादीत मोजकी नावं. किल्लारीच्या भूकंपानंतर मोडलेली गावं मी पाहिलेली आहेत. तिथं माणसं होती आणि घरं नव्हती. हे उलटं होतं, आणि त्याचं दुःख कुणाला सांगावं असं वाटेना, कारण मेलं कुणीच नव्हतं.

आम्ही पुढं परत आलो. लातूरच्या घरी बसून, २०११च्या जूनमध्ये, खेळ डिसेंबरात बंद होणार असल्याची बातमी वाचली. १५ डिसेंबरला सर्व्हर बंद झाले आणि पाच दिवसांनी, २० तारखेला, त्याच विश्वावरचा दुसऱ्या कंपनीनं बनवलेला नवा खेळ बाजारात आला. ज्या जमिनीवर आम्ही नगर वसवलं ती कधीच आमची नव्हती. महिन्याला पंधरा डॉलर हे तिचं भाडं होतं, आणि जागा दुसऱ्याची असली की तिथल्या कथाही दुसऱ्याच्याच होतात. त्या खटल्याची नोंद कुठंही नाही. माझी वही तेवढी आहे.

जुन्या नियमांचा खेळ स्वयंसेवकांनी पुन्हा उभा केला आहे. कित्येक वर्षं, आपापलं काम सांभाळून, एकेक नियम त्यांनी जुळवला, आणि त्यांच्याबद्दल मला कृतज्ञता आहे. मी तिथं जाऊन आले. खनिजं आहेत, आकडे आहेत, शीण आहे, नाच आहे. पण गर्दी कमी, म्हणून काही ठिकाणी एका माणसाला एकाहून अधिक पात्रं एकदम उभी करायची सोय आहे. त्यामुळं जो तो आपला डॉक्टर स्वतःच बाळगतो, आपली नाचणारीही. मी एका लढवय्याला विचारलं, हत्यार कुणाकडून घेतोस? त्यानं सरळ सांगितलं, माझाच एक शस्त्रकार आहे.

माझा भाचा यंदा नीटची तयारी करतो, आमच्याकडेच राहतो. संध्याकाळी क्लासहून आला की अर्धा तास फोनवर तो शंभर जणांनी एकमेकांना मारत एकट्यानं उरायचा खेळ खेळतो. परवा त्याच्या हाती माझी वही लागली. "मावशी, हे काय? हजारपैकी नऊशे बेचाळीस कंडक्टिव्हिटी?" मी सांगत गेले. जिंकायचं कसं, असं त्यानं विचारलं. जिंकायचं नसायचं, म्हटल्यावर थोडा वेळ गप्प बसला. मग वर्धनीयता आणि चिवटपणा हे दोन्ही एकाच धातूत जास्त कसे असू शकतील यावर आम्ही दोघं जेवणाची वेळ उलटेपर्यंत वाद घालत होतो. मे महिन्यात परीक्षा झाली की जुन्या नियमांच्या त्या जगात त्याचंही एक पात्र काढायचं ठरलं आहे. पेशा कुठला घ्यायचा ते अजून नक्की नाही. डॉक्टर नको, एवढं मात्र त्यानं लगेच सांगितलं.